कचरा कुणाच्या मालकीचा?

(द्वितीय वर्ष, कला)

कचरा हा वार्षिकात लेख लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे माझ्या काही मैत्रिणींचे मत पडले. कविता, प्रवासवर्णन किंवा एखाद्या संताचे चरित्र सोडून नगरपालिकेच्या कुंडीत कशाला डोकावायचे, असा त्यांचा सवाल होता. परंतु राज्यशास्त्राच्या तासाला स्थानिक स्वराज्य संस्था शिकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दिल्लीचे सरकार सामान्य माणसाच्या दारी पाच वर्षांतून एकदा, मते मागायला येते. मुंबईचे सरकार कधीमधी येते. नगरपालिका मात्र रोज सकाळी येते आणि येताना घंटागाडी घेऊन येते. तेव्हा स्वराज्य खऱ्या अर्थाने चालले आहे की नाही, याची परीक्षा या गाडीपाशीच घेता येईल, असे मला वाटते.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. त्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. त्यांपैकी सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हा आहे. म्हणजे ज्या विषयाला आपण नाक मुरडतो, त्याला राज्यघटनेने आपल्या पानावर जागा दिली आहे.

उकिरड्यापासून कुंडीपर्यंत

आपल्याकडे कचऱ्याची विल्हेवाट हा पूर्वी कायद्याचा विषय नव्हता. तो घराचा आणि शेताचा विषय होता. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे हे सारे उकिरड्यात जाई आणि पावसाळ्याच्या तोंडावर खत होऊन शेतात पडे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. त्यातूनही काही कपडे उरले तर ते बोहारणीला देऊन भांडे घेतले जाई. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत जात. रद्दी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी विकली जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, अशी म्हण आपल्या भाषेत आहे. आजच्या भाषेत ज्याला पुनर्वापर म्हणतात, तो आपल्या आज्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. घाणीचे काम जन्माने काही जातींच्या माथी मारलेले होते आणि ते करणाऱ्याला गावाच्या बाहेर राहावे लागे. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. आपल्याला सफाईचे काम द्यावे, ही त्यांची मागणी त्यांच्या जातीमुळे नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी उपोषण केले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. एखादे काम मिळावे म्हणून नव्हे, तर ते काम जातीच्या बेडीतून सुटावे म्हणून केलेले हे उपोषण होते. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे त्यांनी मैल्यापासून आणि कचऱ्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. गाडगे महाराजांचा खराटा तर महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

शहरांची गोष्ट वेगळी होती. शहरात शेत नाही, म्हणून उकिरडाही नाही. तेथे कचरा उचलणे हे पालिकेचे काम ठरले. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा याच गरजेतून घडला. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला आणि डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. दुसऱ्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या साथीने राज्यकर्त्यांना आणि नागरिकांनाही घाणीचे भय शिकवले. मात्र भयातून जे धोरण निघाले ते इतकेच होते की, कचरा उचला आणि वस्तीपासून लांब नेऊन टाका. लांब म्हणजे कुणाच्या तरी दाराशी, हा विचार कुणी केला नाही. मुंबईचे देवनार हे कचरा टाकण्याचे ठिकाण १९२७ पासूनचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागून धुराने उपनगरे भरून गेली, तेव्हा लांब म्हणून टाकलेला कचरा शहराच्या मध्यात येऊन बसल्याचे सर्वांना कळले. पुण्याच्या कचऱ्याचे ओझे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसले आणि तेथील ग्रामस्थांना त्यासाठी वारंवार आंदोलने करावी लागली.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आणि लहान शहरांसाठी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे. रस्ते, गटारे व सार्वजनिक जागा स्वच्छ ठेवणे हे दोन्हींत पालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आवश्यक म्हणजे पैसे असोत वा नसोत, करावयाचेच.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला आणि लोक शहर सोडून पळू लागले. पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले आणि घाण करणाऱ्या उपाहारगृहांवरही दंड बसवले. एक शहर दोन वर्षांत सुधारू शकते, हे देशाला दिसले. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९९९ मध्ये आला. त्यातून केंद्र शासनाचे २००० सालचे घनकचरा नियम निघाले. त्यांच्या जागी २०१६ साली अधिक विस्तृत नियम आले आणि त्यांचीही जागा घेणारे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणण्याचे केंद्राने ठरवले.

या सर्व नियमांचा गाभा एकच आहे. पूर्वीचा कायदा पालिकेला सांगत असे की, कचरा उचल. नवा कायदा प्रथम नागरिकाला सांगतो की, कचरा वेगळा कर. २०१६ च्या नियमांत कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते : ओला, सुका आणि घरातला घातक. २०२६ च्या नियमांत चार भाग आहेत, त्यांत सॅनिटरी कचरा स्वतंत्र केला आहे. कचरा रस्त्यावर टाकू नये, जाळू नये, पुरू नये, असेही २०१६ च्या नियमांनी बजावले. पालिकांनी आपापले उपविधी करावेत, घराघरातून वापर शुल्क घ्यावे आणि नियम मोडणाऱ्यास जागीच दंड करावा, असा अधिकारही दिला.

कागदावर हे सारे चोख आहे. पण नियम वाचताना मला एक प्रश्न पडला आणि तो या लेखाच्या शीर्षकात आहे.

मालकीचा प्रश्न

मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात आणि १९४९ च्या अधिनियमातही असे कलम आहे की, पालिकेच्या नोकरांनी किंवा ठेकेदारांनी गोळा केलेला केरकचरा ही पालिकेची मालमत्ता होय. कलम करणाऱ्यांचा हेतू सरळ असावा. कचऱ्यापासून खत होई, ते विकले जाई आणि त्याचा पैसा पालिकेला मिळावा हे योग्यच होते. पण आपण टाकलेली वस्तू आणि पालिकेची मालमत्ता यांच्या दरम्यान एक माणूस उभा असतो. तो म्हणजे कचरावेचक, आणि बहुतेक ठिकाणी ती बाई असते.

माझी मावशी पंधरा वर्षे आमच्या गावच्या कचरा डेपोवर जात आहे. पुठ्ठा, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, बाटल्या असे प्रकार वेगळे करून ती भंगारवाल्याला विकते. कोणत्या डब्याला भाव आहे आणि कोणत्या पिशवीला नाही, हे ती हातात घेताच सांगते. मागील वर्षी डेपोचे काम ठेकेदाराकडे गेले. कुंपण झाले, फाटकावर रखवालदार बसला आणि एक फलक लागला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून मावशीने मला फलक वाचायला नेले. परवानगीवाचून आत शिरणाऱ्यावर चोरीचा गुन्हा दाखल होईल, असे त्यावर लिहिले होते. मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "अगं पोरी, लोकांनी टाकलं तेव्हा ते कुणाचंच नव्हतं. मी उचललं तर चोरी कशी झाली? कायद्यात असं लिहिलंय का, तेवढं बघून सांग."

त्यासाठी मी नियम वाचले. मावशीला जे सांगितले तेच येथे सांगते. २०१६ च्या नियमांनी कचरावेचक या शब्दाची व्याख्याच केली. घरे, रस्ते, कुंड्या आणि कचरा टाकण्याच्या जागा येथून पुन्हा वापरण्याजोग्या वस्तू गोळा करून पोट भरणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. म्हणजे डेपोवर जाणारी बाई कायद्याला ठाऊक होती. तिच्या संघटनांना ओळख द्यावी, ओळखपत्रे द्यावीत, घरोघर कचरा गोळा करण्याच्या कामात तिला सामावून घ्यावे, सुका कचरा निवडण्यासाठी जागा करून द्यावी, ही कामे त्याच नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपवली. शंभर वर्षांहून जुने एक कलम म्हणते, कचरा पालिकेचा. नवे नियम म्हणाले, कचरा निवडणारीचाही त्यात वाटा आहे. पालिकेने कोणते वाक्य आधी वाचायचे, हा खरा राजकीय प्रश्न आहे. आमच्या गावी ठेका देताना पहिले वाक्य वाचले गेले आणि दुसरे वाचायचे राहिले.

पुण्याचा प्रयोग

दुसरे वाक्य कसे अमलात येते, हे पाहायचे तर पुण्याकडे पाहावे लागते. तेथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही अध्यापक कचरावेचक बायकांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. त्यांत लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही नावे अग्रणी आहेत. कुंडीतून निवडण्याऐवजी घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर माल स्वच्छ मिळतो, वेळ वाचतो आणि भाव चांगला येतो, असे या बायकांचे म्हणणे होते. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा या कामाला मोठा आधार होता. सन २०२५ च्या डिसेंबरात बाबांचे निधन झाले. असंघटित माणसालाही संघटना करता येते, हा त्यांनी घालून दिलेला धडा या चळवळीच्या मुळाशी आहे.

संघटनेची पहिली मागणी पैशाची नव्हती, ती ओळखपत्राची होती. पाठीवर पोते घेऊन पहाटे फिरणाऱ्या बाईला पोलीस हटकतात, कुत्री अंगावर येतात, सोसायटीचा रखवालदार चोर म्हणतो. गळ्यात कार्ड आले की ती कामगार ठरते. १९९० च्या दशकातच पुणे महानगरपालिकेने ही ओळखपत्रे मान्य केली. पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पालिकेशी करार झाला. व्यवस्था अशी की, सभासद दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेतात, घरे त्यांना दरमहा शुल्क देतात, सुक्या कचऱ्याची विक्री करून मिळणारा पैसाही त्यांचाच आणि उरलेला कचरा पालिकेच्या गाडीत जातो. मालकीच्या प्रश्नाचे हे उत्तर मला फार समंजस वाटते. निवडण्याचे कष्ट जिचे, माल तिचा.

येथे संकोच सोडून आणखी एक गोष्ट लिहिते. आपण मुली वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात टाकतो, आणि ते निवडणारी बाई हाताने निवडते. पुण्यातील कचरावेचक बायकांनी यासाठी एक साधी मागणी केली : पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही. २०१६ च्या नियमांनीही असा कचरा गुंडाळून देण्याचे बंधन घातले आणि गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. लाल ठिपका काढण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आमच्या वसतिगृहात ही सवय लागावी, असे मला मनापासून वाटते.

पुण्याचे सर्व आलबेल आहे, असे नव्हे. २०२० साली कराराची मुदत संपल्यावर तो पुढे चालू ठेवावा की काम ठेकेदारास द्यावे, यावर तेथेही मोठा वाद झाला. यावरून एक धडा घेता येतो. करारावर उभा असलेला हक्क कराराच्या मुदतीइतकाच टिकतो. म्हणून तो उपविधीत लिहिला गेला पाहिजे.

दुकाने, हॉटेले आणि मंगल कार्यालये

घरचा कचरा थोडा असतो, व्यापाराचा पुष्कळ असतो. लग्नसराईत मंगल कार्यालयामागे एका दिवसात जेवढ्या पत्रावळी, ग्लास आणि उष्टे पडते, तेवढे एका कुटुंबाचे वर्षात होत नसेल. २०१६ च्या नियमांनी दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांचा वेगळा वर्ग केला आणि ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्य तो त्यांनी आपल्याच आवारात लावावी, असे सांगितले. शंभरांहून अधिक माणसांचा समारंभ करणाऱ्याने तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे, असेही त्यांत होते. आमच्या गावात अशी सूचना कुणी दिल्याचे मी ऐकले नाही, आणि मागितल्याचेही ऐकले नाही.

प्लॅस्टिकबाबत महाराष्ट्राने पुष्कळ आधी पाऊल उचलले. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात नाले तुंबवणाऱ्या पिशव्यांकडे बोट दाखवले गेले आणि २००६ साली अविघटनशील कचऱ्याचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली मार्च २०१८ मध्ये पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षा ठेवली. बंदीचा हेतू उत्तम आहे. परंतु बाजारात मी पाहते ते असे की, पथक येते तेव्हा भाजीवालीची पिशव्यांची जुडी जप्त होते. ती जुडी ज्या कारखान्यातून आली, त्याचे दार कुणी ठोठावत नाही. एका दिवसाच्या विक्रीहून दंड मोठा असेल, तर नियम पाळला जात नाही, लपवला जातो.

वजनाचा ठेका

कचरा वेगळा करा, असे आपण रोज घंटागाडीच्या भोंग्यावर ऐकतो. मी काही दिवस आमच्या गल्लीत उभी राहून पाहिले. दोन डबे घेऊन येणाऱ्या बायका होत्या. पण गाडीतील फळी काढून टाकलेली होती आणि दोन्ही डबे एकाच ढिगात रिकामे होत होते. गाडीवरच्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, ठेकेदाराला पैसे काट्यावर मिळतात. डेपोच्या काट्यावर गाडी जितकी जड, तितके बिल मोठे. आता विचार करावा, ओला कचरा घरीच जिरला आणि सुका वेचकांनी नेला, तर गाडी हलकी होईल. म्हणजे नागरिकाने नियम पाळावा, असे पालिका एका हाताने सांगते आणि तो न पाळण्याबद्दल दुसऱ्या हाताने पैसे मोजते. लोकांना शिस्त नाही, असे म्हणण्यापूर्वी हा काटा पाहिला पाहिजे. ज्या बाईने आठ दिवस दोन डबे भरले आणि आठही दिवस ते एकत्र होताना पाहिले, ती नवव्या दिवशी एकच डबा आणणार. तिला दोष कसा द्यावा?

हे लहान गावांना जमणारे नाही, असेही म्हणता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले ही छोटी नगरपरिषद आहे. तेथे घराघरातून कचरा वेगळा घेऊन त्यापासून बायोगॅस आणि खत केले गेले, प्लॅस्टिक रस्त्याच्या कामात वापरले गेले आणि जेथे नाक धरून जावे लागे ती जागा बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले. तेथे कायदा वेगळा नव्हता, तोच १९६५ चा होता.

समारोप

या अभ्यासातून मला चार गोष्टी सुचतात. पहिली, ठेक्याचे पैसे वजनावर न देता, किती घरांतून वेगळा कचरा आला यावर द्यावेत. दुसरी, सुका कचरा निवडण्याचा हक्क कचरावेचकांचा, हे उपविधीत स्पष्ट लिहावे. कायद्याने एकदा ज्याचे नाव घेतले, त्याला पुन्हा बेनाव करू नये. तिसरी, दंडाची सुरुवात वरून करावी : प्रथम कारखाना आणि मंगल कार्यालय, नंतर हातगाडी. चौथी आपल्या हातातील आहे. महाविद्यालयाच्या आवारात पानगळ भरपूर आहे आणि ती दर हिवाळ्यात जाळली जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दोन खड्डे खणले, तर त्याच पानांचे खत होईल आणि नियम मोडणेही थांबेल.

आपण टाकले म्हणून वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या हातात जाते. तो हात कुणाचा आहे आणि त्याला आपण काय देणे लागतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीतही नाही. डेपोच्या फाटकावरचा फलक आजही तसाच आहे. मावशीने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी ओळखपत्रांसाठी नगरपरिषदेकडे अर्ज केला आहे. तो मीच लिहून दिला, आणि त्यात नियमाचे वर्षही घातले आहे. उत्तर यायचे आहे.